ज्येष्ठांसाठी मंत्रपठण आणि संगीत: ग्रंथांत काय आहे, करायचं कसं?

पारिजात: ज्येष्ठ नागरिक संघात रोज सकाळी २० मिनिटं मंत्रपठण ठेवायचं चाललंय. बऱ्याच जणांना झोप न लागणं आणि रक्तदाब या तक्रारी आहेत. व्हॉट्सॲपवर 'डोकेदुखीला दरबारी, वेदांत सांगितलंय' असा रागांचा तक्ता फिरतोय, शिवाय ४३२ हर्ट्‌झचा ओंकार लावा म्हणतात. याला आधार आहे का? आणि पठण नेमकं कसं घ्यावं?

अगदतंत्र: आधार आहे, पण त्या तक्त्याला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ११) उपचारांचे तीन प्रकार येतात: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, होम, उपवास वगैरे, दुसऱ्यात आहार आणि औषध, तिसऱ्यात मनाला अहितापासून आवरणं. तिन्ही शेजारी शेजारी. चिकित्सास्थानातला ज्वराचा अध्याय बघा. विष्णूच्या सहस्रनामाने ज्वर जातो असं तिथे म्हटलंय, आणि त्याच अध्यायात नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, उदीच्य, सुंठ घालून उकळलेलं पाणीही दिलंय.

सुश्रुत तर याहून रोखठोक आहे. सर्पविषासाठी तो मंत्राला फार वरचं स्थान देतो, मंत्र घेणाऱ्याने मद्य-मांस सोडावं, मोजकं खावं, दर्भावर निजावं असे कडक नियमही घालतो. पण लगेच सांगतो की विधी चुकला किंवा स्वर-वर्णात उणीव राहिली (हीना वा स्वरवर्णतः) तर मंत्र सिद्ध होत नाहीत, म्हणून अगद, म्हणजे विषावरची औषधं, द्यावीतच. मंत्रावर इतकी श्रद्धा असलेला वैद्यही औषध थांबवत नव्हता. तुमच्याकडेही रक्तदाबाची गोळी कुणी बंद करणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा.

संगीताचंही तसंच. शोधनकर्मासाठी (वमन, विरेचन अशा शरीरशुद्धीच्या उपचारांसाठी) रुग्णाचं घर कसं सज्ज करावं ते चरक सांगतो, त्यात गाणं, वाद्य, श्लोक, गाथा आणि पुराणं येणारे परिचारक ठेवा असं आहे. निद्रानाशावर अभ्यंग, स्नान, दूध यांच्या जोडीला मनाला रुचणारे गंध आणि शब्द. मनाला रुचणारे, म्हणजे ज्याला अभंग आवडतो त्याला अभंगच ऐकवा.

खर्ज: तक्त्याबद्दल. परंपरेनेच दरबारी कानडा तानसेनाचा, म्हणजे अकबराच्या काळातला मानतात. तो वेदांत कुठून असणार? 'राग' ही पारिभाषिक कल्पनाच प्रथम मतंगाच्या बृहद्देशीत, म्हणजे वेदांनंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या संगीतग्रंथात दिसते.

शरीर आणि नाद यांचं खरं नातं वाचायचं असेल तर संगीतरत्नाकर उघडा. १३व्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादला, शार्ङ्गदेवाने लिहिलेला. तो स्वतः वैद्यकही जाणत होता आणि पहिल्याच अध्यायात गर्भापासून शरीररचना सांगून मग नादाकडे येतो: मंद्र (खालचा) नाद हृदयात, मध्य कंठात, तार (वरचा) मूर्ध्नीत, म्हणजे डोक्यात. पठण खालच्या सुरात घ्या म्हणतात ते करून बघा, तळहात छातीवर ठेवला की कंप हाताला लागतो.

४३२चं म्हणाल तर आपला षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', चल आहे, गळ्याप्रमाणे ठरतो. पुरुषांना साधारण काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), बायकांना काळी चार-पाच. मिश्र गटात एकाच सुराचा हट्ट धरला की अर्धे लोक गळा ताणतात आणि आठवड्यात आवाज बसतो. तानपुरा काळी एकवर लावा, बायकांना त्याच्या पंचमावर ('प'वर) म्हणू द्या.

अनुष्टुभ: आता कृती. परिणामाचा मोठा भाग श्वासात आहे. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. 'ॐ मणि पद्मे हूं' म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षेपाची, म्हणजे शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेची, संवेदनशीलता वाढली. लॅटिन जपमाळेनेही तेच झालं.

म्हणजे एका श्वासाला १० सेकंद: ४ घ्यायला, ६ म्हणायला. अनुष्टुभ छंदाच्या अर्ध्या श्लोकात १६ अक्षरं असतात, ती ६ सेकंदांत आरामात बसतात. असा एक श्लोक २० सेकंदांचा, २० मिनिटांत ६० श्लोक. अख्खं सहस्रनाम रोज उरकायच्या मागे लागू नका, दोन दिवसांत वाटून घ्या. गटात हमखास बिघडतं ते इथेच: पुढचे दोघे-तिघे वेग वाढवतात, मागच्यांचे श्वास तुटतात, कुणाला गरगरतं. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात अधम पाठक सहा सांगितलेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं वाचणारा, अर्थ न जाणणारा, बारीक आवाजाचा. घाई करणारा दुसऱ्याच क्रमांकावर आहे! टाळ नको, त्याने लय चढते. एकाने बोटाने शांत ठेका धरावा.

पारिजात: फार उपयोगी, आभार. शेवटी भ्रामरी घेतली तर?

अनुष्टुभ: घ्या, पाच ते सात आवर्तनं. ओठ मिटलेले, दात सुटे, कानासमोरचा छोटा उंचवटा बोटाने हलकेच आत दाबायचा, कानात बोट खुपसायचं नाही. श्वास सोडताना नाकातून खालच्या सुरात गुंजन. दात आवळले की कंप जबड्यात अडकतो आणि डोकं दुखतं. श्वास रोखणं रक्तदाबवाल्यांना अजिबात नको. कान वाहत असेल तर त्याने कान न झाकता नुसतं गुंजन करावं.