कॅसलव्हेनियाचा रीमेक : खेळून काय वाटलं, काय आठवलं, इथे लिहा

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, गावभागातला. गेली दोन वर्षं नोकरी सांभाळून रात्री 'कॅसलव्हेनिया' पुन्हा बांधतोय. कोनामी या जपानी कंपनीनं 1986 मध्ये जपानात काढलेला हा व्हिडिओ गेम आपल्याकडे कॅसेटमधून आला, आणि आपण सगळे त्याला नुसतं 'ड्राक्युला' म्हणायचो. चित्रं मी नव्यानं काढलीत, पैसे कुणाकडून घेणार नाही. 18 पैकी पहिल्या नऊ स्टेज तुम्हाला दिल्यात. वटवाघूळ, मेडुसा आणि ममी या मोठ्या राक्षसांपर्यंत. चुकलंय ते आधी लिहा.

गोडोली, सातारा
चूक सांगते. उडी. मूळ गेममध्ये एकदा उडी घेतली की घेतली, हवेत वळता येत नाही. तुझा सायमन, म्हणजे आपला चाबूकवाला हिरो, हवेत हवा तसा वळतो. मेडुसाची ती मुंडकी लाटेसारखी वरखाली होत यायची, आणि एक जरी लागलं तरी सायमन मागं फेकला जाऊन खड्ड्यात. म्हणून उडीआधी थांबून मोजावं लागायचं. आमच्याकडे रिमोट एकच चालू होता. मी खेळायची आणि भाऊ शेजारी बसून मोठ्यानं मोजायचा, "एक, दोन, मार!" त्या 'मार'वर माझा अंगठा आपोआप पडायचा. तुझ्या गेममध्ये मोजायची गरजच पडली नाही. भाऊ आता पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर पटकन म्हणाला, "मग मी काय करायचो?"

गावभाग, सांगली
ताई, अगदी बरोबर. गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बांधायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, हवेत वळणं आयतं मिळतं, ते मी तसंच राहू दिलं होतं. काल रात्री काढून टाकलं. पाय उचलताना जी दिशा, तीच पाय टेकेपर्यंत. जिन्यावरून उडीही आता बंद, मूळ गेमसारखी. दादांना मोजायला बोलवा.

सांगलीवाडी
2019 च्या महापुरात आमचा खालचा मजला पाण्यात होता. कॅसेटचा डबा ट्रंकेत, आणि ट्रंक खाली. पाणी ओसरल्यावर गाळ धुतला, कॅसेटी गच्चीवर उन्हात मांडल्या, आतली पट्टी खोडरबरानं घासली, फुंकर मारून पाहिली. ड्राक्युलाची कॅसेट काही चालू झाली नाही. परवा तुझा गेम लावला. बागेतल्या पहिल्या मेणबत्तीला चाबूक मारला, पत्त्यांतल्यासारखा बदाम टपकन खाली पडला, आणि मी पाच मिनिटं पुढं गेलोच नाही.
एक मागणं आहे. भिंतीतली जी वीट फोडली की आत लपवलेलं मटण मिळतं, ती तू चकाकती केलीस. मूळ गेममध्ये कसलीही खूण नव्हती. मला ती वीट चुलतभावानं दाखवली, त्याला वाड्यातल्या कुणी. मी पुढं चौघांना दाखवली, तेही एकेकाला बाजूला घेऊन. ती खूण काढून टाक.

कराड
आमच्या कॅसेटमध्ये सेव्ह नव्हतं. जपानातल्या मूळ डिस्कवर होतं. लोडशेडिंगच्या दिवसांत लाईट गेली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. बाकी सगळं जुनं ठेव, पण सेव्ह दे. माझी मुलगी सातवीत आहे, शाळा आणि क्लासमधून तिला जेमतेम अर्धा तास मिळतो. एवढ्यात ती मेडुसापर्यंत पोचते आणि जेवायची हाक येते.

वाई
पंधराव्या स्टेजसाठी आत्ताच सांगून ठेवतो. तो लांब बोळ, कुऱ्हाडी फेकणारे चिलखतवाले, त्यात मेडुसाची मुंडकी, आणि शेवटी कोयतेवाला यम. त्या बोळातून पवित्र पाणी, म्हणजे ते फेकायचं हत्यार, हातचं न घालवता नेलं, तरच यमाला जागेवर खिळवता येतं. सुट्टीतला एक अख्खा आठवडा मी तिथंच काढलाय. त्यातला एकही राक्षस कमी करू नको, मित्रा.
दुसरं, चाबकाचा आवाज मऊ झालाय. आम्ही पोरं त्याला आसूडच म्हणायचो. पोतराज अंगाभोवती आसूड फिरवतो तेव्हा हवा फाटल्यासारखा आवाज येतो ना, तसा पाहिजे. आमच्या गल्लीत मंगळवारी पोतराज येतो. त्याला विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवू का?

गावभाग, सांगली
पाठवा की. विटेची खूण आज काढून टाकली, सेव्ह करायला घेतलंय. आवाजाची जागा मंगळवारपर्यंत मोकळी ठेवतो.