माचू पिच्चूची इंका वाट: मदत हवी आहे

पुढच्या मे महिन्यात पत्नीसह पेरूतील इंका ट्रेल चार दिवसांत चालून माचू पिच्चूला जाण्याचा बेत आहे. या वाटेवर पोर्टर धरून रोज 500 जणांनाच परवानगी मिळते, म्हणून परवान्याची चौकशी आताच सुरू केली आहे. खरी काळजी उंचीची आहे. सह्याद्रीत आम्ही नियमित भटकतो, पण आपले कळसूबाई 1646 मीटरचे आणि तिथली सर्वांत उंच खिंड सुमारे 4200 मीटरवर. मुक्कामाचे कुस्को शहरसुद्धा 3400 मीटरच्या आसपास आहे. तेव्हा कुस्कोतच थांबावे, की आधी त्याहून सखल असलेल्या ओयांताइताम्बोला राहून विरळ हवेची सवय करून घ्यावी?

खिंडीपलीकडच्या दगडी पायऱ्या उतरताना पत्नीच्या गुडघ्यांना त्रास होईल, अशी भीती वाटते. ज्यांनी ही वाट केली आहे, त्यांनी या उताराविषयी सविस्तर लिहावे.

मनातून मला चोकेकिराओ या दुसऱ्या इंका अवशेषस्थळाची ओढ अधिक आहे, कारण तिथल्या दगडी बांधांत पांढऱ्या दगडांनी लामा या उंटाच्या कुळातील प्राण्यांच्या आकृती जडवलेल्या आहेत. परंतु अपुरिमाक नदीपर्यंत खोल उतरून पुन्हा जवळजवळ दीड हजार मीटर चढणे आम्हाला झेपेल का?