मीनावहिनी नक्की कोण? घरात भांडण लागलंय

गिरगावकर_आता_डोंबिवली
मंडळी, एक वाद मिटवा. आमची आई ८४ वर्षांची. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून मी तिला मोबाइलवर आकाशवाणी लावून देतो. परवा एक निवेदिका ऐकून म्हणाली, "हिचा श्वास फार ऐकू येतो. नीलम प्रभूचा कधी ऐकू आला नव्हता." झालं, गाडी 'पुन्हा प्रपंच'वर आली, म्हणजे पंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी यांच्या आकाशवाणीवरच्या त्या जुन्या मालिकेवर. आई म्हणते मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. मावशी म्हणते, छे, करुणा देव. दोघी फोनवर पाऊण तास भांडल्या. फोन माझा, बॅटरी माझी.

आमच्या खोलीत मर्फीचा रेडिओ होता, त्यावर क्रोशाचा रुमाल. त्याचं लायसन भरायला पोस्टात रांग लावायचं काम माझं. प्रपंच लागला की बाबा घास हातात धरून थांबायचे. पंत वैतागले की आई हळूच बाबांकडे बघायची. दुसऱ्या दिवशी नळावर बायका "काल भावजी काय म्हणाले" अशा बोलायच्या, जणू टेकाडे भावजी दुसऱ्या माळ्यावरच राहतात.

तर मीनावहिनी कोण? भावजी कोण? फोटो मात्र टाकू नका. आईने मनात पंतांना टक्कल दिलंय, ते राहू दे.

दादरचा_म्हातारा
दोघी बरोबर, कारण बाई एकच. नीलम प्रभू म्हणजेच करुणा देव, संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी. देवही आकाशवाणीतलेच. पंत बाळ कुडतरकर, टेकाडे भावजी प्रभाकर जोशी. कुडतरकरांचा आवाज माहितीपटांत आणि जाहिरातींतही असायचा. २०१९ साली गेले.

सदाशिव_पेठ_३०
मुंबईकरांचं चालू द्या. आमच्याकडे सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी "सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहे" असं आलं की आजोबा घड्याळ लावायचे. बातमी काय होती हे कुणाला आठवत नाही, पण 'देत आहे' मधला तो ठामपणा आठवतो. त्यांचा मुलगा पुढे लष्करप्रमुख झाला तेव्हा आमच्या वाड्यात "म्हणजे सुधाताईंचा मनोज" एवढीच प्रतिक्रिया होती.

एफेम_पिढी
काका, आवाज आमच्याकडेही आहेत हो. २०१७ साली आरजे मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर गाणं केलं तेव्हा महापालिकेपासून सगळे तिच्यावर तुटून पडले होते. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. मग गावाबद्दल बोलायचं ते गाण्यातून नाहीतर विनोदातूनच.

गिरगावकर_आता_डोंबिवली
अगदी. प्रपंचवालेही तेच करायचे की. नळाला पाणी नाही हे बातम्यांत ऐकून कोण हसेल? भावजी बोलले की हसू यायचं, आणि मग बाबा म्हणायचे, "खरंय पण." फरक एवढाच की मलिष्का दिसते. तिची होर्डिंग्ज लागतात. नीलमताई समोरून आल्या असत्या तरी आईने ओळखलं नसतं, तोंड उघडेपर्यंत.

असो. दादरच्या काकांचं उत्तर आईला वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "मावशीला फोन लाव. पण आधी सांग की नीलम प्रभू हेच बरोबर होतं. एकच बाई आहे ते मग सांगू."