मदत हवी आहे: जुनी टूजेझेड इंजिनवाली सुप्रा ठेवू की नवी घेऊ?

मंडळी, डोकं पार भंजाळलंय, जरा सांगा. माझ्याकडे जुनी टोयोटा सुप्रा आहे, चौथ्या पिढीतली, तीन लिटरचं टूजेझेड जीटीई इंजिन. मूळचे दोन टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे पंखे) काढून एकच मोठा टर्बो, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असं सगळं करून झालंय. आता मित्राने २०१९ नंतरची नवी सुप्रा घेतली, तिच्यात बीएमडब्ल्यूचं बी५८ इंजिन, तेही तीन लिटर, तेही एका रांगेत सहा सिलिंडर.

परवा चालवली आणि खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं. ५०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमलाच हजर, पाय ठेवला की गाडी निघाली! माझी ४००० पर्यंत नुसती शिट्टी वाजवत बसते आणि मग एकदम मागून कोणीतरी ढकलल्यासारखं, त्यात मजा आहे पण रोज नाही हो. थंडीत सकाळी स्टार्ट केली की पहिली पाच मिनिटं आयडल वरखाली, पेट्रोलचा वास वेगळाच.

टूजेझेडचा ब्लॉक बिडाचा, कितीही बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) सहन करतो हे मान्य. बी५८ चा ॲल्युमिनियमचा आहे, पण क्लोज्ड डेक (सिलिंडरभोवतीचा वरचा भाग बंद, भक्कम), म्हणजे तोही काही लेचापेचा नाही.

ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी सांगा, छोटा टर्बो लावून आणि ट्यून (ईसीयूचं सेटिंग) परत करून माझ्या गाडीत खालचा टॉर्क येईल का? का हा खर्च नवीनवरच करावा? आणि डायरेक्ट इंजेक्शनमुळे (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारल्याने) व्हॉल्व्हवर कार्बन साचतो म्हणतात, बी५८ मध्ये कोणाला जाणवलं का? विकायला मन होत नाहीये हे आधीच सांगतो.