पाठ होतं ते पटलं कधी? तारण, कृपा, नवा जन्म : तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात बायबल स्टडीला एक नवीन मुलगी आली होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही सगळे तारण, कृपा, नवा जन्म हे शब्द इतक्या सहज बोलता, पण हे तुम्हाला पटलं कधी?" आणि खोलीत एकदम शांतता. दहाबारा जण होतो, बहुतेकांची वचनं संडे स्कूलपासून पाठ, योहान 3:16 (देवाने जगावर एवढी प्रीती केली की...) तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू, पण तिने पाठांतर विचारलंच नव्हतं ना. घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

आधी थोडं विषयाबद्दल. तारण म्हणजे पापातून सुटका, कृपा म्हणजे न कमावता मिळालेली देवाची दया, नवा जन्म म्हणजे विश्वासाने आतून नवं होणं. इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक प्रवाह) म्हणजे कोण हे सांगताना डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने 1989 मध्ये चार खुणा दिल्या, त्या अजूनही सगळीकडे वापरतात. बायबलचा अधिकार सगळ्यात वर, वधस्तंभावरचं ख्रिस्ताचं मरण मध्यभागी, माणसाने पश्चात्ताप करून देवाकडे वळणं, आणि ही सुवार्ता बोलण्यातून नि कामातून पुढे नेणं. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, पुनरुत्थान, पुनरागमन हा पाया तर आहेच, पण तो बाकीच्या मंडळ्यांबरोबर (चर्चबरोबर) सामायिक आहे. यातली कुठली गोष्ट तुम्हाला नुसती कळली होती आणि मग कधीतरी खरंच उमगली, किंवा अजून उमगत नाहीये, ते लिहा. दुसऱ्याच्या मंडळीला नावं ठेवू नका एवढंच. शंका लिहायला काहीच हरकत नाही, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) म्हणजे दरवेळी विजयाचीच गोष्ट असते असं नाही.

मीच सुरुवात करते. माझ्या नव्या जन्माची तारीख मला माहीत नाही, आणि याचा मला कित्येक वर्षं त्रास झाला. साक्षीच्या वेळी लोक उभे राहून अमुक दिवशी, अमुक सभेत असं सांगायचे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींची तर वेळसुद्धा माहितीये, 24 मे 1738, लंडनमधली ऑल्डर्सगेट स्ट्रीट, रात्री पावणेनऊच्या सुमारास, सुधारक मार्टिन लूथरने बायबलमधल्या रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं आणि यांच्या हृदयात ऊब आली. (तेव्हा ते आधीच दीक्षित पाळक होते, मिशनरी म्हणून जॉर्जियाला जाऊनही आलेले, हे मला फार उशिरा कळलं आणि फार धीर आला.) मी विश्वासाच्या घरात वाढले, "त्याआधीचं" असं काही माझ्याकडे नव्हतंच, म्हणून प्रत्येक कॅम्पला मी पुन्हा हात वर करायचे, पुन्हा ती प्रार्थना म्हणायचे, न जाणो मागच्या वेळी मनापासून झाली नसेल तर. सोळाव्या वर्षी अशीच प्रार्थना करून तारीख लिहायला बायबलचं पहिलं पान उघडलं तर तिथे माझ्याच अक्षरात तीन तारखा, तिन्ही खोडलेल्या. मी तिथेच रडायला लागले. पाळकांच्या बायकोने ते पान बघितलं आणि म्हणाल्या, नव्या जन्माबद्दल बोलताना निकदेमाला येशूने वाऱ्याचं उदाहरण का दिलं असेल गं? वारा कुठून आला ते दिसत नाही, पानं हललेली दिसतात. तू मला आजचं सांग, आज तुझी भिस्त कुणावर आहे? उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. चौथी तारीख मी लिहिली नाही.

* * *

ताई, धागा चांगला काढलात. मी हिशोबतपासणीच्या कामात आहे म्हणून माझं उत्तर रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व (देवापुढे निर्दोष असणं) असं गणलं गेलं, हे मी शेकडो वेळा ऐकलेलं. पण त्या "गणलं" मागचा ग्रीक शब्द हिशोबाच्या वहीतला आहे आणि हे पत्र लिहिणारा पौल त्या एका अध्यायात तो 11 वेळा वापरतो हे कळलं तेव्हा मी ताठ बसलो. जमेची बाजू. म्हणजे माझ्या नावावर जी रक्कम जमा झाली ती मी कमावलेली नाही, दुसऱ्याच्या खात्यातून आली, आणि माझी नावे बाजू त्याने स्वतःकडे घेतली. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 5:21 ला हीच अदलाबदल आहे.

हे मला का लागलं तर नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हातून एक नोंद चुकली होती आणि ठपका शेजारी बसणाऱ्यावर आला. मी गप्प राहिलो. त्याने वैतागून नोकरी सोडली तरी गप्प. आणि मग मी परतफेड सुरू केली, उपास, पहाटेच्या प्रार्थना, दशमांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या) वर देणगी, दोन वर्षं हे चाललं होतं आणि दर महिन्याला शिल्लक शून्यच. चौथ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात लिहिलंय की देव अधर्मी माणसाला नीतिमान ठरवतो. चांगलं वागायला लागलेल्या माणसाला असं नाही लिहिलेलं. अधर्मी! त्या शब्दावर माझी परतफेड थांबली.

पण इथे एक सांगितलं पाहिजे नाहीतर साक्ष अर्धवट राहील. थांबली म्हणजे विषय संपला नाही. मी ऑफिसात खरं सांगितलं आणि त्या माणसाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काहीही न बोलता फोन ठेवला. आजवर माफ केलेलं नाही, आणि तो त्याचा अधिकार आहे. कृपा म्हणजे परिणाम पुसले जातात असं जे सांगतात त्यांना मी हे सांगतो. फरक इतकाच की तो फोन मी शिल्लक वाढवायला केला नव्हता.

* * *

त्रैक्य. संडे स्कूलला शिकवते. पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण मी सात वर्षं दिलं आणि मग कळलं की ते चुकीचं आहे, त्यातून एकच देव तीन रूपं बदलतो असा अर्थ निघतो आणि ते मत तर मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलेलं. आता उदाहरण देत नाही. मत्तय 3 वाचून दाखवते. पुत्र नदीच्या पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी वरून येते, तिघेही एकाच वेळी. मुलं विचारतात कसं काय, मी म्हणते पुन्हा वाचूया.

* * *

मी इव्हँजेलिकल नाही, कॅथलिक आहे, बायको इव्हँजेलिकल. चालेल ना? लग्नाआधी तिच्या मामांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, आज रात्री मेलास तर स्वर्गात जाशील याची खात्री आहे का? मला ते फार उद्धट वाटलं होतं. आमच्याकडे आशा धरायला शिकवतात, खात्री आहे म्हणणं हा गर्व. त्यांच्या दृष्टीने खात्री नाही म्हणणं हा ख्रिस्ताच्या कामावर अविश्वास. म्हणजे एकाच प्रश्नात दोघांनाही समोरचा उर्मट वाटतो आणि दोघंही देवाचाच मान राखायला बघत असतात, हे समजायला मला निदान पाच वर्षं लागली.

भांडणं झाली. मी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 2:24 काढायचो, अख्ख्या नव्या करारात "केवळ विश्वासाने" हे शब्द तिथेच येतात आणि तेही "नाही" जोडून. ती म्हणायची याकोब खोट्या विश्वासाबद्दल बोलतोय, खरा विश्वास एकटा राहतच नाही. मग 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशनने नीतिमान ठरवण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या ते आम्ही दोघांनी बसून वाचलं. सगळे मतभेद मिटलेत असं त्यात म्हटलेलं नाही, पण तारण कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नाही, हे दोघांनी मिळून म्हटलंय. आता घरी इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आला की ती 8 आणि 9 वाचते, कृपेने तारण, कर्माने नाही, आणि 10 माझ्यासाठी ठेवते, सत्कर्मांसाठी घडवले गेलो. एका दमात वाचायचं ठरलंय, मध्ये थांबायचं नाही.

* * *

माझं बायबलबद्दल. एकोणीस वर्षांचा होतो, योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट माझी सगळ्यात आवडती, आणि एका आवृत्तीत तिथे कंस दिसला, खाली तळटीप की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. पोटात खड्डा पडला माझ्या. बायबल निर्दोष आहे म्हणून शिकवलेलं, मग हे काय? तरुणांच्या गटात विचारलं तर असले प्रश्न सैतान घालतो असं उत्तर मिळालं आणि खरं सांगतो तळटिपेपेक्षा त्या उत्तराने मी जास्त लांब गेलो. जवळजवळ वर्षभर उपासनेला गेलो नाही.

परत आणलं ते एका म्हाताऱ्या शिक्षकांनी. त्यांनी स्वतःहून मार्काचा सोळावा अध्याय काढला, म्हणाले हे बघ नवव्या वचनापासून पुढेही तसंच आहे, तू पाहिलं नव्हतंस ना? मग त्यांनी समजावलं की इव्हँजेलिकल विद्वानांच्या 1978 च्या शिकागो निवेदनातसुद्धा, जे या बाबतीत सगळ्यात कडक समजलं जातं, निर्दोषपणाचा दावा मूळ लिखाणाबद्दल आहे, प्रती नि भाषांतरं मुळाशी जितकी इमानदार तितकी ती देवाचं वचन. म्हणाले, लपवायचं असतं तर तळटीप छापली असती का? माझे सगळे प्रश्न सुटले असं नाही. त्या गोष्टीतली क्षमा मला अजून खरी वाटते, घडलेली वाटते, आणि कंसही तिथेच आहे, दोन्ही बघत मी वाचतो.

* * *

मला कबुली द्यायची आहे. मैत्रीण आजारी होती, बरी होणार नव्हती, आणि मी तिच्याकडे चार मुद्द्यांची पुस्तिका घेऊन गेले. देव तुझ्यावर प्रेम करतो, तू पापी आहेस, ख्रिस्त मेला, स्वीकार कर. दर भेटीत तेच. मला खरंच भीती होती तिच्यासाठी, ढोंग नव्हतं ते, पण एक दिवस ती म्हणाली, "तू मला बघायला येतेस की मोजायला?" त्यानंतर मी पुस्तिका नेली नाही. केस विंचरून द्यायचे, पाणी पाजायचे. शेवटच्या दिवसांत तिनेच विचारलं की तू कशाच्या जोरावर एवढी शांत असतेस, आणि मी सांगितलं, पाच मिनिटांत, रडत रडत. तिने काय ठरवलं ते देवाला ठाऊक. पहिल्या पेत्रात 3:15 ला विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने असं आहे, मी पहिला भाग पाठ केला होता.

जगभरच्या इव्हँजेलिकल नेत्यांच्या 1974 च्या लॉझान करारनाम्यात (इंग्लंडचे इव्हँजेलिकल पाळक जॉन स्टॉट मसुदा समितीचे अध्यक्ष होते) सामाजिक जबाबदारीकडे दुर्लक्ष केल्याबद्दल आणि सुवार्ता नि सेवा एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्याबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केलाय. इतक्या मोठ्या लोकांना ते जाहीर लिहावं लागलं हे वाचून मला बरं वाटलं.

* * *

नरक. कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आजीने मला वाढवलं, ती ख्रिस्ती नव्हती, शेवटपर्यंत झाली नाही, आणि तिच्याइतकी स्वतःचं विसरून जगणारी व्यक्ती मी मंडळीतही पाहिली नाही. माझ्या मंडळीची शिकवण मला माहीत आहे, ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांना नरक. जॉन स्टॉटनीच 1988 मध्ये, सर्वनाश म्हणजे कायमची यातना की अस्तित्वच संपणं, यावर दुसऱ्या बाजूकडे झुकणारं मत जपून मांडलं होतं आणि त्यावरून किती टीका झाली तेही वाचलंय. त्याने मला झोप लागली नाही. उत्पत्ती 18 मध्ये अब्राहाम देवालाच विचारतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? मी रोज तेच विचारतो, तिचं नाव घेऊन. प्लीज कुणी उत्तर देऊ नका, मला उत्तरं पाठ आहेत.

* * *

वरच्या दादांना, उत्तर देत नाही, तुमच्या आजीचं नाव माहीत नाही तरी आज तुमच्यासाठी प्रार्थना करते.

माझं पुनरुत्थानाबद्दल. मी समजत होते मेल्यावर आत्मा वर जातो आणि संपलं, शरीर म्हणजे कवच. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांची नखं कापली. हात सुजलेले, कातडी कागदासारखी, अंगठ्यावर लहानपणी सुताराच्या पटाशीने झालेली जुनी खूण, ती खूण मी लहान असताना रोज बोटाने चाचपायचे. त्या हातांना मला कवच म्हणवेना. त्या रात्री करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला आणि पहिल्यांदा दिसलं की पौल शरीराबद्दलच बोलतोय, बी पेरतात तसं पेरलं जातं आणि उठवलं जातं. येशू उठला तेव्हा त्याच्या हातावरच्या खुणा तशाच होत्या, शंका घेणाऱ्या थोमाला त्याच दाखवल्या. आणि मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असूनही तो रडला, म्हणजे रडणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. मी खूप रडले. मातीत ठेवताना मला कुणी विचारलं असतं की यातलं काय परत येणार तर मी त्या अंगठ्याकडे बोट दाखवलं असतं.

* * *

मी तीच मुलगी. सगळं वाचलं, दोनदा. मला अजून पटलेलं नाही, म्हणजे काही पटतं, काही अजिबात नाही, नरकवाल्या दादांचं वाचून तर फोन बाजूला ठेवला होता. पण इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय दहाव्या वचनापर्यंत वाचलाय, न थांबता. पुढच्या वेळी येते. प्रश्न लिहून ठेवलेत, बरेच आहेत, सगळे विचारले तर चालतील ना?