कर्नलच्या मेमरीचा हिशोब कायम चालू ठेवावा, की गरज पडली तरच?

पानोपानी (धागाकर्ता)

एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) जास्त मेमरी घेतली तर टॉप या कमांडमध्ये तिचं नाव दिसतं. कर्नलनेच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) घेतली असेल तर नाव कुठेच नसतं, फक्त बेरीज जुळत नाही. ६४ जीबीचं मशीन, सगळ्या प्रोसेसेस मिळून २० जीबी, पेज कॅश (वाचलेल्या फाइलींच्या प्रती) ५ जीबी, आणि तरी मोकळी जागा संपत आलेली, हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर जागा होतो आणि सगळ्यात मोठ्या प्रोसेसवर घाव घालतो. बहुतेकदा तो डेटाबेस असतो आणि त्याचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नसतो.

माझं मत: कर्नलच्या कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली आणि अजून परत केली नाही, हा हिशोब प्रॉडक्शन सर्व्हरवर बूट झाल्या क्षणापासून चालू हवा. लिनक्समध्ये त्यासाठी मेमरी ॲलोकेशन प्रोफायलिंग ६.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून आलं आहे. कर्नल बांधताना तो पर्याय घातला की ॲलॉकइन्फो नावाच्या फाइलीत प्रत्येक जागेसाठी बाइट्स, संख्या, सोर्स फाइल, ओळ क्रमांक आणि फंक्शन मिळतं.

स्लॅबटॉप (कर्नलच्या छोट्या तुकड्यांच्या साठ्यांची, म्हणजे स्लॅबची, यादी दाखवणारी कमांड) पुरतं असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: सर्वात वर 'केमॅलॉक-६४' (केमॅलॉक या सर्वसाधारण फंक्शनने घेतलेल्या ६४ बाइटच्या तुकड्यांचा साठा) दिसलं तर पुढे काय करता? ६४ बाइटचे तुकडे नेटवर्कही घेतं, फाइल सिस्टिमही घेते, कुठला तरी ड्रायव्हरही घेतो. त्यात स्लब ॲलोकेटर (हे तुकडे वाटणारा कर्नलचा भाग) सारख्या मापाच्या कॅशेस (साठे) एकत्र करून टाकतो, म्हणजे जे नाव दिसतं ते खऱ्या मालकाचं असेलच असंही नाही. 'एकत्र करू नको' सांगणारा स्लॅब-नोमर्ज हा पर्याय देऊन बूट केलं तर नावं वेगळी होतात, पण रीबूट केलं की वाढलेली मेमरीही गेली आणि पुरावाही गेला.

प्रोफायलिंग चालू मशीनवर सुरू करता येतं, पण आधी घेतलेल्या तुकड्यांची नोंद त्यात नसते. ज्याने घोळ घातला तो हिशोबाबाहेरच राहतो. म्हणून ते पहिल्यापासून चालू हवं. विंडोजमध्ये पूल टॅगिंग (कर्नलच्या प्रत्येक वाटपाला खूण लावणं) सर्व्हर २००३ पासून कायम चालू आहे, चार अक्षरी टॅगवरून पूलमॉन हे साधन ड्रायव्हर दाखवतं. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये मॅलॉकला (मेमरी मागणाऱ्या फंक्शनला) प्रकार सांगावाच लागतो आणि व्हीएमस्टॅट ही कमांड त्या प्रकारांनुसार आकडे देते. लिनक्सनेच अंधारात का राहायचं?

साधीओळ

असहमत, आणि कारण तांत्रिक आहे.

'कर्नल मेमरी खातोय' अशा तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मेमइन्फो (मेमरीचे एकूण आकडे देणारी फाइल) नीट वाचलेलंच नसतं. स्लॅबखाली दोन वेगळे आकडे आहेत, एसरिक्लेमेबल (परत घेता येणारी) आणि एसअनरिक्लेम (परत घेता न येणारी). पहिला मोठा असेल तर ती बहुधा डेंट्री (फाइलींची नावं) आणि आयनोड (फाइलींची माहिती) यांची कॅश असते. गरज पडली की कर्नल ती परत घेतो, त्याला गळती म्हणत नाहीत. दुसरा चढत असेल तरच काळजी. त्यानंतर कर्नलच्या इतर वापराच्या ओळी: पेज टेबल्स, कर्नल स्टॅक, पर-सीपीयू, व्हीमॅलॉक. या ओळी वाचायला दोन मिनिटं लागतात आणि वेगळा कर्नल बांधावा लागत नाही.

आता ओळ क्रमांकाबद्दल. आमच्याकडच्या एका मशीनवर डेंट्री कॅश कित्येक जीबी झाली होती. एक प्रोग्राम दर वेळी नव्या नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या फाइली शोधत होता. 'ही फाइल नाही' हे उत्तरही कर्नल लक्षात ठेवतो, त्यामुळे निगेटिव्ह डेंट्रींचा डोंगर झाला. तुमच्या ॲलॉकइन्फोने काय दाखवलं असतं? डीकॅशच्या फाइलीतलं डी-ॲलॉक हे फंक्शन. जगातली प्रत्येक डेंट्री तिथूनच तयार होते! आम्हाला हवा होता तो प्रोग्राम, आणि तो सापडला त्या फंक्शनवर काही सेकंद ट्रेस (कोण बोलावतंय याची नोंद) लावून. नेटवर्कच्या पॅकेट बफरचंही तेच: घेणारी ओळ एक, घ्यायला लावणारे शंभर.

बाइटमोजणी

खर्चाबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो.

प्रोफायलिंगसाठी मेमरीच्या प्रत्येक ४ केबी पानामागे ८ बाइटचा पॉइंटर ठेवावा लागतो. म्हणजे एकूण मेमरीच्या ०.२ टक्के, ६४ जीबीवर १२८ एमबी. हे चालून जाईल. पण स्लॅबमधल्या प्रत्येक ऑब्जेक्टमागेही ८ बाइट लागतात. ऑब्जेक्ट ६४ बाइटचा असेल तर हे साडेबारा टक्के झाले. वर प्रत्येक घेण्या-सोडण्याला काउंटर हलणार. सेकंदाला लाखो पॅकेट्स हाताळणाऱ्या मशीनवर हा भार मला नको. मेमरी कुठे जास्त जाते ते शोधण्यासाठी आणखी मेमरी कायमची देऊन टाकायची, हे मला पटत नाही. २५६ एमबीच्या उपकरणावर तर विचारही करणार नाही.

रात्रपाळी

धागाकर्त्याशी सहमत. साधीओळ यांच्या पद्धतीत एक मोठं भोक आहे.

ड्रायव्हर जेव्हा स्लॅबमधून न घेता थेट पानं मागतो, तेव्हा ती पानं मेमइन्फोच्या कुठल्याच ओळीत दिसत नाहीत. स्लॅबटॉपमध्येही नाहीत. एकूण वजा सगळं दिसणारं, एवढी एकच वजाबाकी हातात उरते. पेज ओनर (प्रत्येक पान कोणी घेतलं ते नोंदवणारी कर्नलची सोय) हे ज्याचं त्याच्या नावावर दाखवतो, पण त्यालाही बूट पॅरामीटर लागतं आणि तो प्रत्येक वाटपाचा स्टॅक (तिथवर पोचलेली फंक्शनची साखळी) नोंदवतो, त्यामुळे जास्त जड आहे.

उदाहरण देतो, कारण याला गळती समजून लोक आठवडे घालवतात. नेटवर्क कार्डाच्या ६४ रिसीव्ह क्यू (येणाऱ्या पॅकेट्सच्या रांगा), प्रत्येक क्यूच्या रिंगमध्ये (पॅकेट ठेवण्याच्या जागांच्या यादीत) ४०९६ जागा, प्रत्येक जागेला ४ केबीचं एक पान. गुणाकार करा: १ जीबी. हे एका पोर्टचं. चार पोर्ट असतील तर ४ जीबी, तेही एकही पॅकेट येण्याआधी. कोणी काही विसरलेलं नाही, कोडमध्ये बग नाही. मशीनमध्ये सीपीयू कोअर जास्त, म्हणून ड्रायव्हरने क्यू जास्त उघडल्या, आणि कोणीतरी 'पॅकेट पडू नयेत' म्हणून रिंग मोठी करून ठेवली. इथटूल या कमांडने क्यू आणि रिंग कमी केल्या की मेमरी परत. पण हा ड्रायव्हरच आहे हे कळायला ड्रायव्हरची ओळ दिसावी लागते, आणि ॲलॉकइन्फो ती दाखवतो.

तिसरीखिडकी

केमेमलीक (कर्नलचा गळती-शोधक) कोणीच का सुचवत नाही? २००९ पासून कर्नलमध्ये आहे की.

साधीओळ

कारण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. केमेमलीक मेमरी चाळून ज्या ऑब्जेक्टकडे एकही पॉइंटर उरलेला नाही असे अनाथ तुकडे शोधतं. एखादी यादी वाढतच चालली असेल आणि तिला कोणी छाटत नसेल, तर तिच्या प्रत्येक घटकाकडे पॉइंटर आहे. केमेमलीकच्या लेखी सगळं ठीक. थेट घेतलेली पानं ते बघतच नाही, म्हणजे रात्रपाळी यांची १ जीबीची रिंग तिथेही दिसली नसती. नवा ड्रायव्हर लिहिताना चाचणीच्या मशीनवर ते जरूर लावा. प्रॉडक्शनवर त्याचा भार फार होतो.

रिंगच्या उदाहरणापुरतं मान्य करतो, तिथे मेमइन्फो तोकडं पडतं.

पानोपानी

साधीओळ, डी-ॲलॉकचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. तुम्ही नेमक्या त्या फंक्शनवर ट्रेस लावू शकलात, कारण 'डेंट्री' हे नाव आधीच कळलं होतं. कॅशला स्वतःचं नाव होतं म्हणून. केमॅलॉक-६४ असतं तर? सगळ्या केमॅलॉकवर स्टॅकसकट ट्रेस लावावा लागला असता, आणि भरलेल्या प्रॉडक्शन मशीनवर तो भार बाइटमोजणी यांच्या काउंटरपेक्षा कितीतरी जास्त. आधी ओळ, मग त्या एकाच ओळीवर ट्रेस. मी ट्रेसच्या विरोधात नाही, तो कुठे लावायचा हे कळण्यासाठी भांडतोय.

आणि केमेम ट्रेसपॉइंट (केमॅलॉकच्या वाटपांचा ट्रेस) लावाल तेव्हा मागितलेले बाइट्स आणि दिलेले बाइट्स हे दोन्ही आकडे बघा. केमॅलॉकला १०२५ बाइट मागितले तर २०४८ मिळतात. स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवलं आणि मेमरी दुप्पट झाली, असं खरंच होतं. ही गळती कुठलंच लीक-शोधक यंत्र पकडणार नाही, कारण ती गळती नाहीच.

२५६ एमबीच्या उपकरणांबद्दल बाइटमोजणी यांचं ऐकतो. तिथे माझा आग्रह नाही.

रात्रपाळी

एक सावधगिरी दोन्ही बाजूंसाठी. ड्रायव्हरने स्वतःचं रॅपर (मधलं) फंक्शन लिहून सगळी मेमरी त्यातूनच घेतली असेल, तर ॲलॉकइन्फोमध्ये फक्त रॅपरची ओळ येते. कर्नलच्या आतल्या बऱ्याच रॅपर्सना दुरुस्त करून हिशोब बोलावणाऱ्याच्या नावावर टाकलाय, बाहेरच्या मॉड्यूलमध्ये ते ज्याचं त्याने करायचं. तिथे मग ट्रेसशिवाय गत्यंतर नाही.

साधीओळ

माझा विरोध थोडा मवाळ झालाय, संपलेला नाही. कंटेनर चालवणाऱ्यांसाठी मला अजूनही मेमरी सीग्रुपच (प्रोसेसच्या गटावर मेमरीची मर्यादा घालणारी कर्नलची सोय) योग्य वाटतो. डेंट्री, आयनोड यांचा हिशोब त्यात ज्याच्या त्याच्या नावावर पडतो. निगेटिव्ह डेंट्रींचा डोंगर करणारा कंटेनर स्वतःच्याच मर्यादेला धडकतो आणि शेजाऱ्याचा डेटाबेस वाचतो. ओळ क्रमांक इंजिनिअरला शोधायला मदत करतो, मर्यादा मशीन जिवंत ठेवते. दोन्हींत आधी काय करायचं असेल तर मी मर्यादा म्हणेन. ड्रायव्हरची पानं कोणत्याच सीग्रुपच्या खात्यात पडत नाहीत हे मला माहीत आहे.

शिवाय ॲलॉकइन्फो एकदाच वाचून उपयोग नाही. एका वाचनात कोण मोठं आहे ते दिसतं, कोण वाढतंय ते नाही. ठरावीक वेळाने प्रत साठवून दोन प्रतींमधला फरक काढणार असाल, तर कायम चालू ठेवण्याला अर्थ आहे.

पानोपानी

तासातासाला प्रत, फरकावर सूचना, अगदी तेच हवंय. सीग्रुप मर्यादा लावाव्यात यावर आपला वाद नाहीच.

बाइटमोजणी

माझ्यासाठी वाद तिथेच आहे जिथे होता. तोच कर्नल, तोच पॅकेटचा भार, एकदा प्रोफायलिंग चालू आणि एकदा बंद, असं मोजून सेकंदाला किती पॅकेट्स कमी झाले ते कोणीतरी इथे मांडा. आमच्या राउटिंगच्या मशीन्सवर तोवर ते 'नेव्हर'वरच (पूर्ण बंद) राहील. स्टोरेजच्या मशीन्सवर मात्र पुढच्या कर्नल बदलात बूटपासून चालू करून बघतो, तिथे पॅकेट मार्गाचं दडपण नाही.