रशिया दौरा (फक्त घरचे): उद्या बस की पायी?

आत्या, रात्री ८:१२
दादा, स्पष्टच लिहिते. आज अख्खं पीटर्सबर्ग बसच्या काचेतून बघितलं. सेंट आयझॅक कॅथीड्रलपाशी पंधरा मिनिटं दिली, त्यातली निम्मी माणसं मोजण्यात गेली. उद्या मला बस नको. मी पायी फिरणार, यायचं त्याने यावं.

दादा, ८:१५
आत्या, बस मी ठरवली नाही, पॅकेजमध्येच होती. उद्या बुधवार, मोकळाच दिवस आहे. ज्याला जे करायचं ते करा.

वहिनी, ८:१६
ज्याला जे करायचं ते? सगळ्यांना एकत्र आणलंस कशाला मग?

मामा, ८:१८
सर्वांसाठी सूचना 🙏 आपलं हॉटेल वासिलेव्स्की बेटावर आहे. रात्री नेव्हा नदीवरचे पूल जहाजांसाठी उघडतात. पॅलेस ब्रिज साधारण सव्वा एकला. बाराच्या आत सगळ्यांनी खोलीवर असावे.

चिनू, ८:१९
मामा, आत्या सकाळचं बोलतेय

मामा, ८:१९
सूचना सगळ्यांसाठी आहे. काल काय झालं ते माहीत आहे.

दादा, ८:२१
कालचा विषय परत नको.

वहिनी, ८:२४
का नको? पलीकडच्या काठावर अडकलो ते मी आणि चिनू. तू खोलीवर घोरत होतास. पण खरं सांगू, मला पश्चात्ताप नाही. मध्यरात्र उलटून गेली तरी आकाश उजळ होतं. आणि पूल उघडला तेव्हा डांबर, त्यावरचे पांढरे पट्टे, दिव्याचे खांब, सगळंच्या सगळं आडवं होतं ते उभं राहिलं. शेजारच्या रशियन आजींनी टाळ्या वाजवल्या. दिवसा पाच वेळा त्या पुलावरून बस गेली, काही कळलं होतं का आपल्याला?

आत्या, ८:२५
हेच तर म्हणतेय मी!

नाना, ८:२७
पायी म्हणजे किती? माझा गुडघा सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्या, ८:३४
नाना, नीट वाच. बेटाच्या टोकाशी ते लाल दीपस्तंभ आहेत ना, तिथून सुरुवात. पॅलेस ब्रिज ओलांडला की विंटर पॅलेस. त्याला वळसा घालून मोठ्या चौकात. चौकातून जनरल स्टाफच्या कमानीखालून नेव्हस्की रस्त्यावर. मग कझान कॅथीड्रल, आणि तिथून कालव्याच्या काठाने रक्तावरच्या तारणहाराचं चर्च. सगळं सपाट, एकही चढ नाही. तीन किलोमीटरच्या आतबाहेर. दर अर्ध्या तासाला बसू. तुझ्यासाठीच आखलंय.

ताई (पुणे), ८:३६
सगळे मजेत ना? त्या एकात एक बाहुल्या सातच्या आणा, पाचच्या नकोत. सिंगापूरहून माझ्यासाठी काहीच आलं नव्हतं, तेव्हा मी काही बोलले नाही.

वहिनी, ८:३७
ताई, आता बोललातच की 😄

ताई (पुणे), ८:३७
आठवण करून दिली फक्त.

दादा, ८:४१
आत्या, बुधवारी सेंट आयझॅक आणि ते रक्ताचं चर्च, दोन्ही आतून बंद असतात. म्हणूनच आज बसने दाखवलं. कुणी विचारतच नाही, थेट माझ्यावर.

आत्या, ८:४६
माहीत आहे. बाहेरूनच बघू. १८८१ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडर झारवर बॉम्ब टाकला तो तिथेच, कालव्याच्या काठावर. ती जागा चर्चच्या आत यावी म्हणून भिंत कालव्याच्या पात्रात पुढे काढली आहे. पायी गेलं की लगेच दिसतं, सरळ चाललेला काठ एकदम वाकतो. बसमधून नुसते रंगीत घुमट दिसले.

नाना, ८:४८
दुपारी तो धडाका कसला होता? माझ्या छातीत धस्स झालं. हल्लीचे दिवस, काही सांगता येत नाही.

चिनू, ८:४९
नाना तोफ होती. पीटर-पॉल किल्ल्यावरून रोज बाराला उडवतात

नाना, ८:५०
आधी सांगायचं ना कुणीतरी.

मामा, ८:५२
पुन्हा टाकतो, वर गेली 🙏 रात्री पूल उघडतात. बाराच्या आत खोलीवर. तसंच आपली व्हिसा-मास्टरकार्ड इथे चालत नाहीत, रोख रुबल जवळ ठेवा.

वहिनी, ८:५३
मामा, तिसऱ्यांदा टाकलंत तर तुमच्या नावाने तोफ उडवतील.

मामा, ८:५४
थट्टा करा. अडकलात की फोन मलाच येतो.

आत्या, ९:०२
अजून एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. नेव्हस्की १४ नंबरच्या इमारतीवर एक निळी पाटी आहे. ‘नागरिकहो, तोफांच्या माऱ्यात रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची आहे.’ जर्मन वेढ्यातली. तोफगोळे दक्षिणेकडून यायचे, म्हणून उत्तरेच्या बाजूने चालायचं नाही. ८७२ दिवस वेढा होता, १९४१ ते १९४४. लाखो माणसं उपासमारीने गेली. पाटीखाली लोक अजून फुलं ठेवतात. आज त्याच रस्त्यावरून आपण गेलो तेव्हा गाईड दुकानांचे सेल सांगत होता. मला फार वाईट वाटलं.

वहिनी, ९:०४
आत्या, मी येते. पाटीपाशी मलाही फुलं ठेवायची आहेत.

चिनू, ९:०५
मी पण. तो चौकातला खांब कसा उभा आहे ते बघायचंय. ६०० टनांचा एकसंध ग्रॅनाइट, पायथ्याला जोडलेलाच नाही, नुसता स्वतःच्या वजनावर. १८३४ पासून

दादा, ९:०९
म्हणजे सगळे पायी, आणि विंटर पॅलेसमधलं हर्मिटाज संग्रहालय? ते बुधवारी उघडं असतं. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली, त्यातले मोगलांचे दागिने त्याने पुढे इथल्या दरबाराला भेट पाठवले. ते आत आहेत. मला ते बघायचेत. मी काय नुसत्या बसचाच माणूस आहे का?

आत्या, ९:११
अरे मग हे आधी का नाही बोललास?

दादा, ९:१२
बोलू कुठे देता.

आत्या, ९:१५
बरं, माझंही चुकलं असेल. पण ते रत्नदालन वेगळं असतं, तिथे गाईडबरोबरच सोडतात, तिकीटही वेगळं. सकाळी उठल्या उठल्या चौकशी कर. मिळालं तर आधी हर्मिटाज, मग चौकातून पुढे.

नाना, ९:१७
हर्मिटाजमध्ये चालणं नाही का? दिवसभर तेच.

वहिनी, ९:१८
नाना, तुम्ही आणि मामा टॅक्सीने थेट चौकात या. पुलापासून आम्ही चालत येतो.

मामा, ९:१९
चालेल. टॅक्सीचे मी देतो. नंतर हिशोबात लिहा मात्र, मागच्या वेळी राहून गेले.

दादा, ९:२१
लिहितो मामा. नऊला लॉबीत. आत्या, छत्री घे, इथे पाऊस विचारून येत नाही.

आत्या, ९:२२
घेतली. आणि तू ते कडक बूट घालू नकोस.